कोऱ्या बटणांचा कीबोर्ड

ताईंच्या कीबोर्डवर एकही अक्षर उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं बोटं फिरून सगळी छापील अक्षरं पुसली गेली होती, स्पेसबारवर उजव्या अंगठ्याने खळगा पाडला होता आणि मूळचा पांढरा रंग चहात बुडवून काढल्यासारखा झाला होता. दुसरं कुणी त्याच्यासमोर बसलं की पहिल्याच शब्दाला हात टेकायचं. ताई रजेवर असल्या तरी त्यांच्या टेबलाला कुणी शिवत नसे, कारण शिवून करणार काय.

छापखान्यात त्यांना सगळेच ताई म्हणत. मालक त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत, आणि ताई त्यांच्यावर थोरल्या बहिणीसारख्या डाफरतही. काम म्हणाल तर साधं: लेखकांची हस्तलिखितं कॉम्प्युटरवर टाइप करायची. पण साधं काम एखाद्याच्या हातात किती उंच जातं ते पाहायचं असेल, तर त्या खोलीत येऊन पाच मिनिटं उभं राहावं. डावीकडे लाकडी स्टँडवर कागद, ताईंचे डोळे त्या कागदावर, आणि खाली हात आपले आपण चाललेले. पान संपेपर्यंत त्या स्क्रीनकडे पाहतच नसत. मधूनमधून स्क्रीनकडे बघणारा माणूस म्हणजे चालताना स्वतःच्या पायांकडे बघणारा माणूस, असं त्यांचं रोखठोक मत होतं. मालक नव्या गिऱ्हाइकाला छपाईचं मशीन नंतर दाखवत, आधी ताई दाखवत. गिऱ्हाईक तोंडात बोट घालून उभं राही. डॉक्टरी अक्षर, खाडाखोड, समासात बाण काढून घुसवलेली वाक्यं, सगळं त्या बोटांखालून सरळ होऊन निघे, आणि त्याच वेळी ताई कुणाला तरी खिडकी लावून घ्यायला सांगत असत.

यात कौतुक करण्यासारखं काही आहे, असं खुद्द ताईंना कधी वाटलं नाही. जिना चढणाऱ्याचं कुणी कौतुक करतं का, असं त्या म्हणत.

प्रूफं तपासायला गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, हातात लाल पेन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तीनशे पानांच्या पुस्तकात त्यांना ताईंच्या चुका सापडायच्या तीन किंवा चार, आणि त्यातलीही एखादी लेखकाचीच निघायची. ताईंमुळे आपलं पेन वाळून जातं, ही त्यांची जुनी तक्रार होती.

मग एका सकाळी ताईंचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. बरीच वर्षं रडतखडत चालला होता, त्याची वेळ भरली होती. मालकांनी नवा आणला आणि तोही वेगळ्या कंपनीचा, कारण चित्रांच्या पुस्तकांना तोच बरा असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्याच्याबरोबर एक चपटा, चकचकीत कीबोर्ड आला होता. ताईंनी त्यावर एक ओळ टाइप केली, तो उचलून खोक्यात परत ठेवला आणि सांगितलं, की मशीन कुठलंही आणा, कीबोर्ड माझाच राहील. मालकांनी मान डोलावली. न डोलावून सांगतात कुणाला.

जोडणी करायला पेचकसबाई आल्या. कॉम्प्युटर, प्रिंटर, पंखे, जे बिघडेल ते दुरुस्त करणारी ही बाई अंबाड्यात छोटा पेचकस खोचून फिरे, म्हणून छापखान्याने तिचं नाव तसं पाडलं होतं, आणि तिनेही ते बिनतक्रार लावून घेतलं होतं. चाळिशी उलटलेली, बोलायला कंजूष. त्या दिवशी तिला आणखी दोन ठिकाणी पोचायचं होतं. ताईंच्या कीबोर्डची पिन जुनी, गोल. तिने मध्ये एक छोटा जोड लावला, चार बटणं दाबून पाहिली, अक्षरं उमटली, झालं. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताई चुकू लागल्या.

हातात पुस्तक होतं परिचारिकांच्या अभ्यासक्रमाचं. त्यात औषधांच्या नावांखाली लेखिकेने लाल रेघ मारलेली होती. रेघ असलेला शब्द बोल्ड, म्हणजे जाड ठशात करायचा. त्यासाठी डाव्या हाताची करंगळी खालच्या कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या बटणावर जायची, सोबत बी दाबायचं, शब्द टाइप करायचा, पुन्हा तेच दोन्ही दाबून जाड ठसा बंद. ताईंनी हे आयुष्यात किती लाख वेळा केलं असेल याचा हिशेब नाही. पहिलं पान संपलं, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि त्या बघतच राहिल्या. एकही नाव जाड झालेलं नव्हतं. प्रत्येक नाव आधीच्या शब्दाला चिकटलं होतं आणि त्याचं शेवटचं अक्षर गायब होतं. ग्लुकोजचं ग्लुको. सलाईनचं सलाई. आणि पानाच्या तळाशी काही सुटी अक्षरं पडली होती, कुठून आली देव जाणे. ताईंनी तो कचरा पुसला, माऊस धरून एकेक नाव दुरुस्त केलं आणि दुसरं पान लावलं. त्याच्याही शेवटी तोच प्रकार.

मशीनवर संशय घ्यायचं त्यांना सुचलं नाही असं नाही. त्यांनी स्क्रीनवर डोळे रोखून दोन साध्या ओळी टाइप करून पाहिल्या. काना-मात्रेचाही फरक नाही. म्हणजे पाहून टाइप केलं की बरोबर आणि न पाहता केलं की घोळ. यातून ताईंनी जो अर्थ काढला तो मशीनबद्दलचा नव्हता.

चौथ्या दिवशी वीज गेली. आली तेव्हा दोन तासांचं काम फाईलमध्ये नव्हतंच. “मी सेव्ह केलं होतं,” ताई म्हणाल्या. प्रत्येक परिच्छेदाला त्यांची करंगळी न चुकता सेव्ह करत असे. मालक म्हणाले, असू दे, होतं कधीकधी. पण ताई स्वतःच्याच वाक्यापाशी अडकल्या. हे वाक्य, अगदी याच आवाजात, त्यांनी आधी ऐकलेलं होतं.

“मी कुलूप लावलं होतं,” त्यांची आई म्हणायची, आणि दार सताड उघडं असायचं. “मी गॅस बंद केला होता.” सुरुवात अशीच झाली, छोट्या छोट्या गोष्टींनी, आणि आई प्रत्येक वेळी शपथेवर सांगायची. मग एकदा ती ताईंच्या लेकीला बागेत घेऊन गेली आणि भाजीची पिशवी घेऊन एकटीच परतली. पोर कुठे, विचारल्यावर तिने विचारलं, “कुठलं पोर?” तीन वर्षांची ती पोर दोन तासांनी बागेतल्या झोपाळ्यावर सापडली, कुणीतरी अनोळखी बाई तिला झोके देत होती. पोरीला त्यातलं काही आठवत नाही. मोठी झाल्यावर ती हा किस्सा मैत्रिणींना हसत हसत सांगते. ताई त्यावर आजवर एकदाही हसलेल्या नाहीत. तेव्हा आई अठ्ठावन्न वर्षांची होती. ताईंना आता सत्तावन्नावं सरत होतं.

आणि झोपाळ्यावर सापडलेल्या त्या पोरीलाच आता आठ महिन्यांची मुलगी होती. ती रुग्णालयाच्या तपासणी-खोलीत कामाला, तिची पाळी दुपारची. छापखाना दोनला सुटतो, ताईंचं घर पंधरा मिनिटांवर, तेव्हा तीन ते सात बाळ ताईंकडे, असं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. ताईंनी तेव्हा हरखून कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले होते. आता त्या टाळत होत्या. आधी घराला रंग द्यायचा आहे म्हणाल्या, मग खोकला झालाय म्हणाल्या, मग कामाची घाई. चौथ्यांदा लेकीने फोनवर शांतपणे सांगितलं, “आई, तुला नको असेल तर सरळ सांग. मी वाईट वाटून घेणार नाही.” ते तिने अशा आवाजात सांगितलं की वाईट वाटून झालेलं होतं हे कुणालाही कळावं. ताई नुसतं बघू म्हणाल्या. फोन ठेवला आणि उठून गॅसचं बटण तपासलं. पुन्हा तपासलं. कुणाजवळ बोलणार? लेकीला सांगावं तर ती सगळं सोडून त्यांना डॉक्टरांकडे नेणार, आणि डॉक्टर काय म्हणतील ते ताईंना आईच्या वेळेपासून पाठ होतं.

दहाव्या दिवशी त्या पिना मारायचं यंत्र शोधत गुरुजींच्या टेबलापाशी गेल्या. खण उघडला तर आत त्यांचीच पानं. प्रत्येक पानावर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, अगदी बारीक, लाजत लाजत केल्यासारख्या. माऊसने दुरुस्त करूनही ताईंच्या नजरेतून सुटलेलं बरंच होतं. गुरुजी आठवडाभर तासभर लवकर येत होते, ते यासाठी. मालकांच्या नजरेस लाल रेघोट्या पडू नयेत म्हणून लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली होती. गुरुजींनी रागावून पानं तोंडावर फेकली असती तरी ताईंना एवढं लागलं नसतं. लोक सांभाळून घ्यायला लागले की समजावं, गोष्ट हाताबाहेर गेली आहे. आईलाही सगळे असंच सांभाळून घेत.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी मालकांना सांगितलं, की शनिवारपर्यंत येते, मग थांबते. वय झालं. मालकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढून पुसला.

त्याच सकाळी प्रिंटरने कागद गिळला म्हणून पेचकसबाईंना बोलावणं गेलं होतं. त्या ताईंच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि प्रिंटरचं पोट उघडलं. ताई टाइप करत होत्या. अजून तीन दिवस होते आणि काम अर्धवट टाकून जायचा त्यांचा स्वभाव नव्हता. खोलीत फक्त बटणांचा आवाज होता, एकसारखा आणि भरभर. पेचकसबाई थोडा वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. मग आवाज करणारे हात पाहायला म्हणून मान वर केली, आणि त्यांची नजर स्क्रीनवर गेली. कर्सर पळत होता. एके ठिकाणी तो झटकन एक पाऊल मागे आला आणि पुन्हा पळू लागला. जरा पुढे परत एक पाऊल मागे. ताईंचे डोळे कागदावर. पेचकसबाईंनी हातातला स्क्रू खाली ठेवला आणि पूर्ण पान होईपर्यंत पापणी न हलवता पाहिलं.

पान संपलं. ताईंनी मान वर केली, तळाची सुटी अक्षरं पाहिली आणि रोजच्यासारखा पुसायला हात नेला.

“पुसू नका,” पेचकसबाई म्हणाल्या.

ताई ओशाळल्या. आजकाल माझं असंच होतंय, म्हणून तर शनिवारी थांबतेय, असं काहीतरी म्हणाल्या. पेचकसबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी एक रिकामं पाकीट घेतलं आणि ती सुटी अक्षरं त्यावर उतरवली, मात्र शेवटच्या अक्षरापासून मागे मागे येत. ज. न. ल. न. मग स्टँडवरचा कागद उचलला आणि लाल रेघांवरून बोट फिरवू लागल्या. ग्लुकोज, ज. सलाईन, न. पॅरासिटामॉल, ल. इन्सुलिन, न. बोट पानाच्या शेवटापर्यंत गेलं. मग त्यांनी सगळं पुन्हा एकदा वरून खाली जुळवून पाहिलं, कारण पहिल्यांदा त्यांचा स्वतःवरच विश्वास बसला नाही.

“ताई, पानात एकोणीस शब्दांखाली रेघ आहे आणि तळाला एकोणीस अक्षरं आहेत,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर. ओळीने. एकही हरवलेलं नाही.”

ताईंना काहीच उमगेना. पेचकसबाईंनी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि विचारलं, की ळ कुठे आहे, जरा बोटाने दाखवा.

ताईंनी कीबोर्डकडे पाहिलं. कोरी बटणं, चार रांगा. त्यांनी वरच्या रांगेवर बोट नेलं, मागे घेतलं, खालच्या रांगेकडे नेलं. दिवसाला शंभरदा ज्या अक्षराशी गाठ पडते ते कुठे आहे हे त्यांना सांगता येईना. अकरा दिवस जे कुणासमोर बोलल्या नव्हत्या ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“मला आठवत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.”

पेचकसबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बहुतेक त्या क्षणी त्यांना सगळं कळलं, शनिवारचंसुद्धा. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. डोळे मिटा म्हणाल्या, आणि बाळ हा शब्द लिहा.

ताईंनी डोळे मिटले. हात उचलले गेले, खाली आले. डोळे उघडले तर स्क्रीनवर लिहिलेलं होतं, बाळ. पेचकसबाईंनी आणखी शब्द घातले: वेळ, कमळ, वादळ, सांभाळ. ळ दरवेळी आपल्या जागी येऊन बसत होता. कोणत्या बोटाने आणला, हे ताईंना तेव्हाही सांगता आलं नसतं.

“तुम्हाला माहीत नाही, पण हातांना माहीत आहे,” पेचकसबाई म्हणाल्या. “ते अकरा दिवस एकदाही चुकलेले नाहीत. चुकले मी.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या मशीनवर कंट्रोल आणि बी दाबलं की जाड ठसा. या नव्या कंपनीच्या मशीनवर त्याच कामाला स्पेसबारच्या शेजारचं दुसरं बटण लागतं, त्याला ते कमांड म्हणतात. आणि कंट्रोल-बी दाबलं तर हे मशीन समजतं, की एक अक्षर मागे चला. तुमचा हात म्हणतो जाड कर, मशीन एक पाऊल मागे सरकतं. शब्दाआधी मागे सरकतं म्हणून शब्द चिकटतो, शब्दानंतर सरकतं म्हणून शेवटचं अक्षर पुढे ढकललं जातं, आणि अशी ढकललेली सगळी अक्षरं पानाच्या तळाशी गोळा होतात, उलट्या क्रमाने. सेव्हचंही तेच. तुम्ही करत होता, मशीनला ऐकू येत नव्हतं. कीबोर्ड जुना आणि मशीन परकं, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी चार अक्षरं उमटवून पळाले.

गुरुजी दारात येऊन उभे होते ते दोघींनाही कळलं नव्हतं. ते वळले आणि आपल्या खणातून जुन्या प्रिंटांतली चार पानं घेऊन आले. घाईघाईत ताईंच्या हातून तळ पुसायचा राहून गेलेली ती पानं होती. गुरुजींनी त्या तळांवर पेन्सिलीने काट मारलेली होती. तिघं टेबलावर वाकली. पेचकसबाई मागून पुढे अक्षरं वाचत गेल्या, गुरुजी हस्तलिखितातल्या रेघा मोजत गेले. पहिलं पान, सतरा आणि सतरा. दुसरं, बावीस आणि बावीस. तिसऱ्या पानाला गुरुजींचा आवाज अडखळू लागला. चौथ्याला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी कचरा समजून खोडत होतो,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. असं काही पाहिलं नाही.”

खरंच, पाहायला मिळत नाही असं. एक माणूस अकरा दिवस मनाने पार कोसळत होता, रात्रीची झोप गेलेली, हात थरथरतात की काय म्हणून स्वतःचेच हात न्याहाळत होता, आणि ते हात मात्र त्या सगळ्याच्या खाली शांतपणे, एका अक्षराचीही चूक न करता आपलं काम करत होते. पुरावासुद्धा त्यांनीच पानोपानी तळाला मांडून ठेवला होता. फक्त तो उलटा वाचायला कुणीतरी हवं होतं.

“डोकं बिघडलं की माणूस रोज काहीतरी नवं चुकतं,” पेचकसबाई म्हणाल्या. “तुम्ही अकरा दिवस एकच गोष्ट, एकाच जागी, एकसारखी करताय. मी डॉक्टर नाही, पण यंत्रं ओळखते. याला बिघाड म्हणत नाहीत.”

यावर उपाय काय, असं ताईंनी भीत भीत विचारलं. आता या वयात करंगळीला नवी जागा शिकवायची म्हणजे महिने जातील, असं त्यांच्या मनात आलं. पेचकसबाई पहिल्यांदाच हसल्या.

“सव्वीस वर्षांच्या हाताला कशाला शिकवायचं? अकरा दिवसांच्या मशीनला शिकवू.”

त्यांनी स्क्रीनवर सेटिंगची एक चौकट उघडली. तीत चार-पाच बटणांची नावं होती आणि प्रत्येकासमोर एक यादी. कंट्रोलसमोरची यादी उघडून त्यांनी कमांड निवडलं, कमांडसमोर कंट्रोल निवडलं, आणि चौकट बंद केली. एवढंच. चहाचा घोट घ्यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

ताईंना वाटलं, ही थट्टा करते आहे. बटण तेच, जागा तीच, आणि अर्थ बदलला? मग बटणावर जे नाव छापलेलं असतं त्याचं काय? पेचकसबाई म्हणाल्या, ते आपल्यासाठी असतं, मशीन ते वाचत नाही. बटण दाबलं की आतून फक्त एक आकडा जातो, अमक्या नंबरचं बटण दाबलं म्हणून. त्याला काय समजायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ठरवलेलं बदलता येतं. ताई त्या कोऱ्या बटणांकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षं त्यांना वाटत होतं, की अक्षरं बटणांमध्ये असतात. मग अक्षरं पुसून गेली तेव्हा ती गेली कुठे, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. या वयात एवढी मोठी गोष्ट कळली, तीही आपल्याच टेबलावर बसून, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं.

मग त्यांनी तेच पान पुन्हा स्टँडवर लावलं आणि टाइप केलं. तिघंजण एका खोलीत, आणि बटणांखेरीज कशाचाही आवाज नाही. पान संपलं तरी ताईंची मान वर होईना. शेवटी गुरुजींनीच, जरा बघा तरी, म्हणून विनवलं. त्यांनी पाहिलं. एकोणीस नावं जाड, ठसठशीत, आपापल्या पूर्ण अक्षरांसह, आणि तळ स्वच्छ. करंगळी सवयीने सेव्ह करून मोकळी झाली होती.

ताईंनी हात उचलून मांडीवर ठेवले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, तो नंतर झाला. आधी लाज वाटली. या हातांवर आपण अकरा दिवस अविश्वास दाखवला, त्यांना थरथरणारे, म्हातारे, भ्रमिष्ट ठरवलं, आणि शनिवारी घरी बसवायला निघालो होतो. कुणी पाहत नसतं तर त्यांनी हातांची माफी मागितली असती. पण पाहायला दोघं होती, म्हणून त्यांनी नुसतं डाव्या करंगळीला उजव्या मुठीत धरलं. मग रडूही आलं. पेचकसबाई परत प्रिंटरच्या पोटात डोकं घालून बसल्या, आणि गुरुजींना अचानक पाणी प्यायची आठवण झाली.

मालकांना बातमी गेली तेव्हा ते धावतच आले. मग शनिवारचं काय, असं त्यांनी दारातूनच विचारलं. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, कसला शनिवार. आणि तसेच दारात उभे राहू नका, उजेड अडतोय, असंही सांगितलं. मालक खुशीत उजेडातून बाजूला झाले.

दोनला छापखाना सुटला. ताई घरी न जाता जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला. लेक कामावर निघायच्या गडबडीत होती, बोल गं, म्हणाली ते तुटकच. मागे बाळाचा आवाज येत होता. ताईंनी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची ते. बोलायला लागल्यावर त्यातलं काही राहिलं नाही.

“मला वाटलं, माझं तुझ्या आजीसारखं होतंय,” त्या म्हणाल्या. “म्हणून टाळत होते. बाळ नको म्हणून नव्हे.”

ताईंनी कीबोर्डचं सांगितलं, अक्षरांचं सांगितलं, एकोणिसाचं सांगितलं. लेकीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मधेच तिने विचारलं, की अकरा दिवस तू हे एकटीने घेऊन बसली होतीस? ताई हो म्हणाल्या. झोपाळ्यावर तुला कुणीतरी झोके देत होतं, ते मी अजून विसरले नाही, असं म्हणाल्या. लेक म्हणाली, मला तर आठवतही नाही गं. ताई म्हणाल्या, मला आठवतं ना.

“आणि हे बघ,” ताई म्हणाल्या, “पुढे कधी खरंच तसं झालं, तर मला तू सांगायचंस. पेन्सिलीने खुणा करत बसायचं नाही, तोंडावर सांगायचं. मी ऐकेन. पण आज तसं नाहीये. उद्या तीनला तिला घेऊन ये.”

पलीकडे लेकीने नाक ओढलं.

“अडीचला आणलं तर चालेल?”